पुढचा अंक कधी?

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या एका चहाच्या गाड्यावर परवा माझा भाचा आणि त्याचे तिघे मित्र मोबाइलवरचं एकच चित्र बोटांनी मोठं करत होते, लहान करत होते, परत मोठं करत होते. चहा कधीच संपला होता. चित्र होतं 'ट्रान्सफॉर्मर्स' या रोबोटांच्या कॉमिकच्या अजून न आलेल्या अंकाच्या मुखपृष्ठाचं. एक अजस्र रोबोट, भोवती धूर, आणि त्या धुरातून अर्धाच दिसणारा त्याचा हात. "ते त्याचं हात नाहीच बे," एक जण ठासून सांगत होता. "खांद्याजवळचं रंग बघ की." दुसऱ्याचं म्हणणं, रंगावर जाऊ नको, रंग पानापानाला बदलतो. तिसऱ्याने मागच्या एका अंकातलं पान शोधून काढलं आणि त्या खांद्याचा खिळा दाखवला. खिळा! कोणता अंक ते मी सांगत नाही. तुम्ही हे वाचेपर्यंत तो शिळा झालेला असेल आणि पोरं पुढच्याच्या मागे लागलेली असतील.

शेजारी उभे असलेले एक काका बराच वेळ हे ऐकत होते. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "इंजिनिअरिंगला आहेत म्हणे. आणि बघतायत काय, तर रोबोटची चित्रं." मी मान डोलावली नाही, पण बोललोही काही नाही. तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता लिहितोय.

पुढच्या अंकाची वाट बघणं हा पोरकटपणा नाही. तो वाचनाचाच एक भाग आहे, आणि तो काही कॉमिकवाल्यांनी काढलेला नाही. आपल्याकडे १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक निघाला. त्याला शतक उलटून गेलं तरी श्रावण सरता सरता मराठी घरांत चौकशा सुरू होतात: यंदा कोणाची कथा आहे, अमुक अंक निघतोय ना, आगाऊ नोंदणीवर सवलत किती. न छापलेल्या अंकाची अनुक्रमणिका वाचून त्यावर मतं देणारी साठी ओलांडलेली माणसं मी पाहिली आहेत. मी स्वतः दिलेली आहेत. त्याच्याही मागे जा. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः यायला लागली. तिच्यातल्या यमूचं पुढे काय होणार, म्हणून आठवडाभर थांबलेल्या वाचकाला आपण सुजाण वाचक म्हणतो. रोबोटच्या तुटक्या हाताचं काय होणार म्हणून महिनाभर थांबलेल्याला मात्र 'घोडा झाला तरी'. यमूचं दुःख आणि रोबोटचा हात एका तागडीत तोलायचा माझा विचार नाही. पण थांबण्याची क्रिया तीच आहे, आणि थांबून राहिलेल्या वाचकाच्या डोक्यात त्या काळात जे चालतं तेही तेच आहे.

काय चालतं? त्या गाड्यावर जे चाललं होतं ते. २०२३ च्या ऑक्टोबरात 'ट्रान्सफॉर्मर्स'ची नवी कॉमिक मालिका सुरू झाली. सुरुवातीला डॅनियल वॉरेन जॉन्सन तिचा लेखक होता, आणि पहिल्या अंकांचा चित्रकारही तोच. तिच्यात नायक ऑप्टिमस प्राइमचा एक हात जातो आणि त्या जागी त्याच्या कट्टर वैऱ्याचा, मेगाट्रॉनचा, तोफ असलेला हात बसवावा लागतो. सज्जन माणसाला दुष्टाचा हात. यातून पुढे काय काय निघू शकतं याचा हिशेब ती चार पोरं करत होती. हात कुणाचा, खिळा कसा, सावली कुठून पडलीय, चित्रकाराने अमुक गोष्ट मुद्दाम झाकलीय का. कॉलेजात आम्हाला कवितेचं रसग्रहण शिकवलं, तेव्हा एका ओळीवर पाऊण तास थांबायला कोणी तयार नव्हतं, शिकवणारेही नव्हते. इथे एका खिळ्यावर वाद चालला होता, आणि पुरावा म्हणून मागचं पान काढलं जात होतं. याला मी तरी वाचनच म्हणतो.

काकांचा दुसरा मुद्दा त्यांनी मांडला नाही, पण मी त्यांच्यातर्फे मांडतो, कारण तो खरा आहे. हे सगळं खेळणी विकण्यासाठी आहे. अगदी बरोबर. हे रोबोट मुळात जपानच्या ताकारा कंपनीची खेळणी. अमेरिकेच्या हॅस्ब्रोने ती घेतली, त्यांना नवी नावं, नवी कुंडली दिली आणि १९८४ मध्ये कार्टून आणि मार्व्हलचं कॉमिक जोडीने बाजारात आणलं. जाहिरातच ती. पण त्या कॉमिकचं पुढे काय झालं ते बघण्यासारखं आहे. ठरवले होते चार अंक. मुलं पुढचा मागत राहिली. मालिका १९९१ पर्यंत चालली आणि शेवटच्या अंकाच्या मुखपृष्ठावर छापलं होतं, चार अंकांच्या मालिकेतला ऐंशीवा. खेळणी विकायला चार पुरेसे होते. उरलेले शहात्तर कशासाठी निघाले, याचं उत्तर नुसत्या जाहिरातीत सापडत नाही. आणि जाहिरातीचंच म्हणाल तर आपला दिवाळी अंक उघडा: सराफ, सहकारी बँक, साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या शुभेच्छा, बिल्डर, मग कथा. त्या शुभेच्छांमुळे कथा वाईट ठरत नाही. नव्या मालिकेला तर २०२४ मध्ये आयस्नर पुरस्कार मिळाला, सर्वोत्कृष्ट चालू मालिकेचा. अमेरिकी कॉमिकच्या जगात त्याच्यावरचा मान नाही.

मला खटकतं ते वेगळंच. अमेरिकेत कॉमिकची दुकानं अंक आगाऊ मागवतात आणि उरलेले अंक सहसा परत घेतले जात नाहीत. आपल्याकडच्या पेपरवाल्यासारखं परतीचे अंक गठ्ठा बांधून पाठवले, असं तिथे चालत नाही. त्यामुळे दोन-तीन महिने आधी अंकाची घोषणा होते, वाचक दुकानदाराला सांगून ठेवतो की माझा एक बाजूला ठेव, आणि त्या सांगण्यावर दुकानदार मागणी नोंदवतो. मालिका जगणार की मरणार हे बरंचसं अंक छापून यायच्या आधीच ठरतं. म्हणजे वाट बघणं हे तिथे मतदान आहे, आणि मतदान म्हटलं की त्याचे दलाल आलेच. एकाच अंकाची चार-पाच वेगवेगळी मुखपृष्ठं काढायची, आत गोष्ट तीच, आणि वेड्या संग्राहकाने सगळी घ्यायची. यात वाचकाची उत्सुकता दुभत्या जनावरासारखी पिळली जाते. भाच्याने एकदा दुसऱ्या मुखपृष्ठासाठी पैसे मागितले तेव्हा मी नाही म्हणालो. त्याच पैशात दुसरी गोष्ट घे. तो दोन दिवस रुसला.

पण ही वाट बघायला सोलापूरच्या पोरांना कोणी परदेशी कंपनीने शिकवलं असं म्हणणं म्हणजे गावाचा अपमान आहे. जानेवारी आला की इथलं लहान पोरही संक्रांतीचे दिवस मोजतं. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात. घराच्या छपरांवरून दिसतील असे उंच, बाराबंदी घातलेल्या मानकऱ्यांच्या कमरेच्या पट्ट्यावर तोललेले, सजवलेले, डुलणारे. संमती कट्ट्यावर अक्षता पडणार, कुंभारकन्येचं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागणार, दुसऱ्या दिवशी होम, मग दारूकाम, मग गड्ड्यावरच्या जत्रेतले पाळणे. पुढे काय होणार हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. लग्न मोडेल की काय अशी धाकधूक कुणालाही नसते. तरी कट्ट्यावर पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि बाप लेकराला खांद्यावर घेऊन टाचा उंच करून बघतोच.

"शेवटी तुमचा रोबोटच जिंकणार, मग एवढं काय?" असं पोरांना विचारलं जातं. ऑप्टिमस प्राइम आजवर किती वेळा मेला आणि किती वेळा उठला, हे भाचा बोटांवर मोजतो आणि बोटं पुरत नाहीत. त्याला शेवट माहीत आहे. नंदीध्वजाची काठी या वर्षी वळणावर कशी तोलली जाते, ते बघायला तो आलाय.

आमच्या पिढीचा रोबोटही असाच परदेशी होता. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागायचा. जपानमध्ये १९६७-६८ साली निघालेली ती मालिका, सव्वीस भागांची, आणि आम्हाला ती अगदी ताजी वाटायची. एका मुलाच्या मनगटावर घड्याळ, त्यात बोललं की रोबोट हुकूम पाळणार. पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत सिगारेटच्या पाकिटाच्या पुठ्ठ्याची घड्याळं मनगटाला बांधून पोरं जुन्या मिलच्या चिमणीला हुकूम सोडायची. चिमणी काही हलली नाही. त्या मालिकेच्या शेवटी रोबोट पहिल्यांदाच हुकूम मोडतो. मुलगा परत ये, परत ये म्हणून ओरडत असतो आणि रोबोट शत्रूला घेऊन अवकाशात निघून जातो, उल्केवर आदळतो, संपतो. रविवारी-रविवारी वाट बघून शेवटी हे मिळालं. त्या दिवशी आमच्या घरी दुपारचं कोणी नीट जेवलं नाही.

पूर्व भागाचं नाव निघालं म्हणून सांगतो. आमच्या शेजारी मागावरचं तेलुगू कुटुंब होतं. त्यांच्याकडे तेलुगू 'चंदमामा' यायचं, आमच्याकडे मराठी 'चांदोबा'. मासिक एकच, चित्रं तीच, विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ तोच. १९४७ च्या जुलैत ते आधी तेलुगूत आणि तमिळमध्ये सुरू झालं, मराठीत काही वर्षांनी आलं. शेजारच्या दोस्ताचा अंक कधी आधी आला, तर तो मला चित्रांवर बोट ठेवून गोष्ट सांगायचा, अर्धी मराठीत, अर्धी तेलुगूत, थोडी स्वतःच्या पदरची. माझा अंक आला की मी पडताळून बघायचो. बहुतेक वेळा त्याचीच गोष्ट बरी असायची. आणि वेताळ? राजाचं मौन सुटलं की परत झाडावर. दर महिन्याला. एकही मूल म्हणालं नाही की हे मागेच झालंय.

सुट्टीत गल्लीच्या तोंडाशी दोरीवर कॉमिक्स टांगून भाड्याने देणारा बसायचा. इंद्रजालचे अंक, वेताळ (विक्रमाचा नव्हे, फँटम), मांड्रेक, बहादूर. १९६४ ला सुरू झालेलं इंद्रजाल १९९० ला बंद पडलं. 'चांदोबा'ही गेला. 'किशोर' १९७१ पासून आजतागायत निघतंय, आणि एखाद्या सरकारी संस्थेने मुलांचं मासिक इतकी वर्षं नेमाने काढावं ही साधी गोष्ट नव्हे. पण 'किशोर' सोडून वर चढणाऱ्या मुलाला मराठीत पुढची पायरी कुठे आहे? बारा-तेरा वर्षांचा झाला की बालसाहित्य संपलं, आणि एकदम जाडजूड ऐतिहासिक कादंबरी. मधल्या दहा वर्षांसाठी तारीख लावून येणारा, गोष्ट अर्ध्यावर तोडून पुढच्या महिन्याचं आमंत्रण देणारा मराठी अंक मला तरी दिसत नाही.

म्हणून ती चौघं भांडतात मराठीत आणि वाचतात इंग्रजीत. त्यातला एक घरी तेलुगू बोलतो, एक कन्नड. गाड्यावर चौघांचं मराठी, आपलं सोलापुरी, ज्यात हात 'ते' असतं. अमेरिकेत अंकाची किंमत चार डॉलरच्या आसपास, म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या घरात, वर टपाल. बरीच पोरं चोरून चढवलेली पानं वाचतात. ते बरोबर नाही, असं मी भाच्याला सांगतो. तो विचारतो, "मग मामा, सोलापुरात कुठं मिळतं सांगा, घेतो." इथे माझं बोलणं खुंटतं. तो आता सहा-सहा अंकांचे बांधीव खंड पैसे साठवून मागवतो. म्हणजे वाट बघण्यावर आणखी वाट बघतो.

मराठीत महाकाय रोबोटची गोष्ट कोण लिहिणार, तो काय आपला विषय आहे का, असं एका प्रकाशनातल्या स्नेह्यांनी मला हसत विचारलं होतं. आता सांगतो. १९५६ मध्ये मित्सुतेरू योकोयामा या जपानी चित्रकाराने 'तेत्सुजिन २८' सुरू केलं. जपानी गोष्टींतल्या महाकाय रोबोटांचा तो मूळपुरुष, आणि आमचा दूरदर्शनवरचा रोबोटही याच योकोयामाचा. तेत्सुजिन हे युद्धासाठी लष्कराने गुपचूप घडवलेलं शस्त्र. युद्ध संपलं, देश बेचिराख झाला, आणि हे धूड एका मुलाच्या ताब्यात आलं. त्याला स्वतःचं बरं-वाईट कळत नाही. रिमोट ज्याच्या हाती, त्याचं ते ऐकणार. रिमोट चोराच्या हाती गेला तर चोराचं. युद्ध हरलेल्या देशातल्या माणसाला सुचलेली गोष्ट आहे ती. योकोयामा कोबेचा. १९९५ च्या भूकंपात कोबेतला नागाता भाग जळून गेला. तिथल्या लोकांनी २००९ मध्ये उद्यानात तेत्सुजिनचा पंधरा मीटरहून उंच पुतळा उभा केला, मोडलेल्या बाजारपेठेत माणसं परत यावीत म्हणून. पोरांच्या कॉमिकमधला रोबोट, आणि व्यापाऱ्यांनी त्याच्या भरवशावर दुकानं उघडली.

आता आपल्या गावाकडे बघा. यंत्र आणि माणूस यांच्यात हुकूम कोणाचा, हा प्रश्न सोलापूरपेक्षा जवळून कोणी पाहिलाय? मिलच्या भोंग्यावर हे शहर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, एकेक करून सगळ्या थांबल्या आणि हजारो घरांच्या घड्याळातले काटे निघून गेले. घरात यंत्रमागाचा खडखडाट इतका की इथली माणसं अजून थोडं मोठ्यानेच बोलतात. चादरीवरचा मोर कुठून येतो? भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेतून. मागावरच्या जकार्ड यंत्रणेला कुठला धागा उचलायचा ते ती भोकं सांगतात. दोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये निघालेली ही युक्ती पुढे गणनयंत्रांच्या कामी आली. यंत्राला आधी लिहून ठेवलेला हुकूम पाळायला लावणं, म्हणजे रोबोटचं अर्धं शास्त्र, ते आमच्याकडे माळ्यावर धूळ खात पडलेलं असायचं आणि आम्ही त्या पुठ्ठ्यांचे पत्ते करून खेळायचो. २०२३ च्या जूनमध्ये, विमानांच्या आड येते म्हणून साखर कारखान्याची उंच चिमणी पाडली तेव्हा सगळं शहर मोबाइल वर धरून उभं होतं. बाजू कोणाची बरोबर होती तो वाद इथे नको. भाचा तो व्हिडिओ हळू करून बघत म्हणाला, "मामा, आधी गुडघ्यात मोडली बघा." ज्या पोराला चिमणीचा गुडघा दिसतो, त्याच्यासाठी गोष्ट लिहायला विषय नाही म्हणता?

विषय आहे, चित्रकार आहेत, वाचक तर गाड्यावर उभे आहेत. अंक नाही. प्रकाशक म्हणतात, खपणार नाही. मग आगाऊ नोंदणी घ्या. दिवाळी अंकाला घेताच. आणि वाचनालयांनी निदान दोन प्रती तरी घ्याव्यात. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, अ-ब-क-ड वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे अनुदान आहे. पैसे कमी पडतात, ही तक्रार मला मान्य आहे. पण कॉमिक ठेवायचं नाही, कारण ते वाचन नाही, हे पैशाचं कारण नव्हे.

हे सगळं डोक्यात घेऊन मी गेल्या आठवड्यात एका वाचनालयात गेलो, भाच्याला बरोबर घेऊन. बालविभागाच्या कपाटाला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडे असते ते जेवायला गेले होते. टेबलावरच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, कॉमिक म्हटल्यावर थोडं हसल्या, आणि सूचनांची वही पुढे केली. "लिहून द्या. समितीपुढे ठेवतात." मी लिहिलं: तरुण वाचकांसाठी चित्रकथांची मासिकं घ्यावीत, मराठीत निघाल्यास प्राधान्याने. सही केली. भाच्यानेही खाली केली, आणि मग तो वही मागे चाळायला लागला. सवयच त्याची, मागची पानं बघायची. आमच्या वरची नोंद तीन वर्षांपूर्वीची होती. 'वाचन कक्षातील दुसऱ्या पंख्याचा आवाज होतो, तेल घालावे.' त्याने मान वर करून पंख्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

पंखा करकरत होता.